शनिवारचा पहिला तुकडा

१२ एप्रिल

तू खोटारडा असावास, एवढीच आज माझी इच्छा आहे.

दुपारी दुकानात डबे उघडून बसलो होतो. आमच्या काउंटरवरची मुलगी, जी चष्म्याच्या फ्रेम पुसून पुसून कपाटात लावते आणि बारा महिने डाएटवर असते, तिने पिशवीतून पाव काढला. "खाऊन बघा ताई, दहा हजार वर्षांपूर्वीचा गहू आहे." मी म्हटलं, "मग फारच शिळा असेल." सगळे हसले. मीही हसले. मग तिने रिकामी पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि पिशवीवर मुंगी होती.

आपली मुंगी. घोट्यापर्यंत येणारा पांढरा एप्रन, दोन्ही हातांत पावाचा तुकडा, तोंड उघडलेलं. जुना फोटो असेल अशी मी स्वतःची समजूत घालणार होते, पण तिच्या कानांत निळे डूल आहेत. ते मी तिला याच फेब्रुवारीत घेतले. आणि खाली छापलंय : 'जिला गहू वर्ज्य होता, ती आज आमचा खपलीचा पाव पोटभर खाते.'

दिवसभर मी लोकांना विचारत असते, नीट दिसतंय का, अजून खालची ओळ वाचा. आज ती ओळ मी स्वतः कितीदा वाचली कोण जाणे. प्रत्येक वेळी स्वच्छ दिसली.

जाहिरातीत लोक वाट्टेल ते छापतात. पावडर लावून कोणी गोरं होत नाही आणि तेल लावून कोणाच्या टकलावर केस येत नाहीत. तसंच हे असू दे. 'हो, थाप मारली, तिने तुकडा नुसता तोंडाजवळ धरला आणि फोटो झाल्यावर खाली ठेवला,' असं एका ओळीत लिही. मी तुला लबाड म्हणेन आणि शांत झोपेन.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघंही तिसऱ्याच वाक्याला ओरडायला लागतो, आणि या घराच्या भिंती पातळ आहेत. पलीकडे ती अभ्यास करत असते. निदान तसं दाखवते.

मुंगीची आई

२१ एप्रिल

पत्र मिळालं. जवळजवळ सगळं खपली गव्हावर आहे. तो किती जुना, त्याच्या दाण्याला टरफल कसं घट्ट धरून असतं, हल्लीच्या गव्हाने माणसाच्या पोटाची कशी वाट लावली. हे दळण मला पाठ आहे. आपण एका घरात होतो तेव्हा मी ते भांडी घासता घासता ऐकलं आहे. मुंगीबद्दल शेवटी एक ओळ : 'ती माझ्याकडे मजेत असते, पोटभर खाते, तिलाच विचार.'

म्हणजे तू खोटारडा नाहीस. वाईट झालं.

तू लिहितोस, मला जुन्या धान्यांचा राग आहे. नाही रे. आमचे मालक जानेवारीपासून सकाळी राळ्याची लापशी खातात. भाताने चढायची तशी त्यांची साखर आता चढत नाही, डॉक्टर खूश आहेत. मालक येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला, तो चष्म्याला आला असला तरी, राळे खा म्हणून सांगतात. मी स्वतः राजगिरा खाते. त्यात लोह आहे, कोंडा आहे, आणि चाळिशीनंतर ज्या गोष्टी चारचौघांत बोलत नाहीत त्या सुरळीत चालतात. तुझ्या दुकानाच्या फळ्यावर जे जे लिहिलेलं असतं त्यातलं बरंचसं खरं आहे. ज्याचं पोट धड आहे त्याने तुझा खपलीचा पाव रोज खावा आणि शंभर वर्षं जगावं.

पण खपली हा गहू आहे. गव्हाचा पणजोबा असेल, पण घराणं तेच. पोटाच्या डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, आठवतं? आठ वर्षांची मुंगी मधल्या खुर्चीवर, पाय जमिनीला पोचत नव्हते. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, तीच अन्न शोषून घेते. हिच्या पोटात गव्हातला चिकटपणा गेला की हिचंच शरीर ती लव खरवडून काढतं. म्हणून ही वाढत नाही. आपण लाडाने 'मुंगी, मुंगी' म्हणत होतो आणि ती आपल्या डोळ्यांदेखत उपाशी राहत होती, भरल्या ताटावर.

तू म्हणालास म्हणून तिला विचारलं. "एकदाच चाखला. फोटोसाठी." इतकं चटकन म्हणाली की उत्तर आधीच पाठ करून ठेवल्यासारखं वाटलं. पुढच्या महिन्यात रक्त तपासून घेते आहे.

१० मे

'माझ्या कामाला तू कधी मान दिला नाहीस.' हे वाक्य तू फार जपून ठेवलेलं दिसतंय. मग ऐक.

आजार कळला त्या संध्याकाळी मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने रडत होते. तू बाहेर गेलास आणि राळ्याची पिशवी घेऊन आलास. रंगाच्या कंपनीत हिशेब बघणारा माणूस, ज्याला चहासुद्धा करता येत नव्हता, तो ओट्यापाशी उभा राहून पीठ मळायला लागला. राळ्याचं पीठ मळलं जात नाही, ते वाळूसारखं हातातून सुटतं, हे तुला तेव्हाच कळलं. पहिला पाव घरच्या ओव्हनमधून निघाला तो विटेसारखा. मुंगीने तो टेबलावर आपटला, आणि टेबलाला पोचा आला असं ती आजही शपथेवर सांगते. तू म्हणालास, "दाराला लावून ठेवू, वाऱ्याने आपटणार नाही." मग तोच पाव तिने सूपमध्ये बुडवून बुडवून खाल्ला आणि अजून मागितला. त्या वर्षी तिच्या गालांवर पहिल्यांदा मांस धरलं. तू तेव्हा जगातला सगळ्यात चांगला बाप होतास. हवं तर सही करून देते.

मग तुझा तो कंपनीतला मित्र आला. एक घास खाल्ला आणि म्हणाला, "पाव आहे की पायपुसणं?" तू हसलास. पण रात्री जेवला नाहीस. मी म्हटलं, "अरे, मुलीला अंगी लागतंय, त्याला काय करायचंय?" तू म्हणालास, "तिला काय आयुष्यभर पायपुसणं खायला घालू?"

लाज तुला वाटली होती. तिला नाही. हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सांगते.

त्यानंतर खपली आली. त्या दिवशी तू ओव्हनच्या काचेला नाक लावून बसला होतास आणि एकदम ओरडलास, "फुगला! फुगला!" मला वाटलं कोणाला मुलगा झाला. तो खरंच सुंदर होता. वर तांबूस, आत जाळी, वास असा की जिन्यावरून जाणारी माणसं थांबली. पण फुगला कशाने? त्याच चिकटपणाने. तोच हवा धरून ठेवतो. जे पावाला उभं करतं तेच हिला आडवं करतं, एवढी साधी गोष्ट. तू सुरी घेऊन म्हणालास, "एक तुकडा. जुना गहू आहे, दोन दिवस आंबवलाय, काही होत नाही." मी तो पाव उचलून कचऱ्यात टाकला. तू तो कचऱ्यातून काढलास, बाहीने पुसलास आणि माझ्यासमोर उभा राहून खाल्लास. आपला संसार त्या दिवशी संपला. पुढचे काही महिने आपण नुसती आवराआवर केली.

तू गेलास तेव्हा आंबलेल्या पिठाची काचेची बरणी मांडीवर घेऊन टॅक्सीत बसला होतास. ती सांडू नये म्हणून दोन्ही हात तिच्याभोवती होते. मुंगी खिडकीपाशी आली. तुला हात हलवता आला नाही.

मान म्हणतोस. मी तुझ्या कामाला मानच देते. ते तिच्या पोटात जाऊ देत नाही, एवढंच.

२ जून

शाळेच्या उन्हाळी शिबिरात खेळताना मुंगी चक्कर येऊन पडली. बाईंनी फोन केला. रक्ताची तपासणी ठरली होती, ती त्याच दिवशी करून घेतली. आज डॉक्टरांकडे गेलो होतो.

रक्त कमी झालंय. आणि दुसरी जी तपासणी असते, पोटात गहू जातोय की नाही ते सांगणारी, तिचा आकडा पहिल्या वर्षी होता तसाच वर गेलाय. डॉक्टर म्हणाल्या, हे एखाद्या वेळच्या चुकीने होत नाही. हिला कोणीतरी नेमाने गहू देतंय.

मग त्यांनी तिला विचारलं, "पोट दुखतं?"

"नाही."

"संडासला त्रास?"

"नाही."

"दमतेस?"

"सगळेच दमतात."

डॉक्टरांनी चष्मा काढला. (नाकावर व्रण पडले होते, फ्रेम घट्ट बसते आहे त्यांना. माझं लक्ष तिकडेच गेलं. माणूस घाबरला की सवयीच्या गोष्टी बघतो.) म्हणाल्या, "हे बघ, तू नाही सांगितलंस तरी तुझ्या रक्ताने सांगितलंय. ते फार चोंबडं असतं." मुंगी हसली आणि हसता हसता रडायला लागली.

बसमध्ये ती खिडकीशी, मी कडेला. बराच वेळ गेल्यावर स्वतःच म्हणाली, "शनिवारी पहिला पाव निघतो ना, तेव्हा दुकानात माणसं उभी असतात. बाबा कोणालाच देत नाही. म्हणतो, थांबा, आधी आमच्या मालकीणबाई. मग मला बोलावतो. मी पहिला तुकडा खाते. सगळे बघतात. मग सगळे घेतात."

"आणि मग?"

"मग मी वर घरात जाते."

"वर कशाला?"

"नळ सोडते."

कशासाठी ते मी विचारलं नाही. नळाचा आवाज कशाला लागतो ते मला कळतं. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून ती समजावत म्हणाली, "बाहेर ऐकू नये म्हणून गं."

"मग खातेस कशाला बाळा?"

ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे तुझे आहेत, हे मला नेहमी चुकीच्या वेळी आठवतं. "तू त्याचं तोंड बघितलंयस का तेव्हा? तो तुझ्याजवळ असताना असा कधी दिसला होता?"

 पुढच्या थांब्यावर दोघी उतरलो.

ती आता शनिवारी येणार नाही. तुला वकिलाकडे जायचं असेल तर जा. त्या पिशवीवरचा फोटो मी सोबत घेऊन येईन.

१९ जून

तुझं उत्तर दोनदा वाचलं. माझ्याच स्वयंपाकघरात काहीतरी जात असेल. शाळेत मैत्रिणींच्या डब्यातलं खात असेल. तपासण्या चुकतात. मी तिच्या मनात भीती घातली, आणि भीतीने पोट बिघडतं. तुला सगळं सुचलं. एक सोडून.

काल तुझी आई येऊन गेली. तुला न सांगता, गुडघे धरत, दोन मजले चढून. पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, "पोरी, मी त्याची बाजू घ्यायला आले नाही. माझा मुलगा आहे, मला माहितेय तो कसा आहे ते. लहानपणी याने पतंग केला होता, तो उडेना. हा म्हणायचा, वारा चुकतोय."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

"मी त्याला म्हटलं, अरे, पोरगी वर जाऊन नळ सोडून बसते, बघ जरा. म्हणतो, वयात येतेय, मुलींना आरशासमोर वेळ लागतो. मी म्हटलं, आपल्या न्हाणीघरात आरसा कुठाय? तर गप्प बसला. मला वाटलं, चला, डोक्यात उजेड पडला." तिने पेला उचलून पाणी प्यायलं. "दुसऱ्या दिवशी आरसा आणून लावला त्याने."

मुंगी दारात उभी होती. आजीने हात पुढे केला, ती आली नाही. मला म्हणाली, "मी गेले नाही तर लोक विचारतील, मुलगी कुठाय. मग दुकान बंद पडेल. ते तुझ्यामुळे." आणि दार लावून घेतलं.

"जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात," तुझी आई म्हणाली. "इथे जात्यातलीच जात्याची काळजी करतेय."

दोन आठवडे झाले, ती माझ्याशी धड बोलत नाही. ताट घेऊन आत जाते. मी तिला वाचवते आहे आणि ती माझ्याकडे, तिचं काहीतरी चोरून नेलेल्या माणसाकडे बघावं, तशी बघते. चालेल. मी सोसेन. पण तिला घरात किती दिवस कोंडणार? ती मोठी होईल, एकटी बसने येईल, तुझ्या दुकानात उभी राहील आणि तू हात पुढे केलास की खाईल. तिला गव्हाचं वेड नाही. तुझ्या हातून मिळतंय म्हणून ती विषसुद्धा चवीने खाईल.

म्हणून भांडण बाजूला ठेवून मागते आहे. तिला तू नाही म्हण. माझं नाही म्हणणं तिच्या दृष्टीने तुझ्याविरुद्ध असतं. तू म्हणालास तरच ते तिच्यासाठी असेल. तिला समोर बसव आणि सांग की हा पाव तुला चालत नाही, कधीच चालत नव्हता, आणि तू तो खाल्ला नाहीस तरी मी तुझा बाप आहे. मी तिला घेऊन येते. दुकानाबाहेर उभी राहीन, मध्ये बोलणार नाही.

हो की नाही, एवढंच लिही.

८ जुलै

तू तिथे होतास, तरी तुला लिहिते आहे. कारण त्या शनिवारचं जे तुला आठवतंय ते तसं झालं नाही. 'तू तिला पढवून आणलंस', हे तर अजिबातच नाही.

तू लिहिलं होतंस, 'ये घेऊन. माझ्या पद्धतीने सांगेन.' मी मुंगीला म्हटलं, बाबाला तुझ्याशी काहीतरी बोलायचंय. ती नटली. निळे डूल घातले. बसमध्ये पहिल्यांदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

मला वाटलं होतं तू तिला आधी वर घेऊन जाशील. पण आम्ही पोचलो तेव्हा दुकान भरलेलं होतं आणि तू भट्टीचं दार उघडत होतास. तिला पाहिलंस आणि तुझा चेहरा उजळला. ते मी पाहिलं. मुंगी खोटं सांगत नव्हती, तू माझ्याजवळ असा कधीच दिसला नव्हतास.

पाव फळीवर ठेवलास. लोक बाजूला झाले, तिला वाट दिली. तू सुरी उचललीस आणि म्हणालास, "आज आमच्या मालकीणबाईंना सुट्टी. पोट बिघडलंय. आईकडे काहीबाही खाल्लं असेल." सगळे हसले. दारातून मीही ते हसणं ऐकलं.

ही तुझी पद्धत.

तरी मी गप्प राहिले. म्हटलं, कसं का असेना, तुकडा तर तिच्या हातात दिला नाही. पदरी पडलं पवित्र झालं.

मग ती बाई पुढे आली. कडेवर मुलगी, अडीच-तीन वर्षांची असेल, हात काडीसारखे आणि पोट पुढे आलेलं. असं पोट आपल्या दोघांनाही लांबून ओळखता येतं. ती म्हणाली, "दादा, हिलाही तेच निघालंय. तुमच्या मुलीला चालतो म्हणून पिशवीवर वाचलं आणि दोन बस बदलून आले. हिला देऊ ना?"

तू माझ्याकडे पाहिलंस. हे तू पत्रात गाळलं आहेस. तू दारात माझ्याकडे पाहिलंस, मग लोकांकडे, मग पावाकडे. तुला माहीत होतं. नसतं तर स्वतःच्या मुलीला सुट्टी कशाला दिली असतीस? आणि तू तुकडा कापलास, त्या बाईच्या हातात दिलास आणि म्हणालास, "थोडा थोडा सुरू करा."

मी पाऊल उचललं तेवढ्यात मुंगी पुढे झाली होती. तिने त्या बाईच्या हातावर हात ठेवला. "काकू, नका देऊ. मला नाही चालत हा. मी खाते आणि मग वर संडासात बसून राहते. खूप दुखतं. तिला तर सांगतासुद्धा येणार नाही."

अकरा वर्षांची मुलगी, रे. या वयात मुलींना दुकानात चड्ड्या मागायची लाज वाटते. ती अनोळखी माणसांसमोर हे बोलली. पढवून एवढं कोणाला बोलता येतं का?

एकाने पाव परत फळीवर ठेवला. मग दुसऱ्याने. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मला काय, मला चालतो," आणि दोन घेऊन गेले, आणि तेही खरंच होतं. ती बाई तुकडा हातात धरून उभी होती, टाकावा कुठे ते तिला कळेना. मी तो घेतला.

तू मुंगीला म्हणालास, "घरी जा."

घरी म्हणजे कुठे, ते तिला समजलं नाही. आधी ती जिन्याकडे वळली. पहिल्या पायरीवर थांबली. मग वळून माझ्याकडे आली.

३० जुलै

पत्र मिळालं. 'तिने चारचौघांत माझं नाक कापलं,' असं तू लिहितोस. गिऱ्हाईक तुटलं, पिशव्यांवर चिकटपट्टी लावावी लागली, आई दोन दिवस अन्नाला शिवली नाही. आणि शेवटी, 'तिला सध्या पाठवू नकोस.'

चिकटपट्टी लावलीस, हे बरं केलंस. दुकान चालू दे. खरंच म्हणते. राळे वीक, राजगिरा वीक, ज्यांना चालतो त्यांना खपली वीक, आणि फळ्यावर जे खरं आहे ते लिही. तेही काही थोडं नाही.

तुझं हे पत्र मी तिला दाखवलेलं नाही. दाखवणार नाही. ती रोज शाळेतून आली की चपला काढायच्या आधी विचारते, बाबाचं पत्र आलं? मी नाही म्हणते. मग ती म्हणते, "कामात असेल," आणि हातपाय धुवायला जाते. तिथे जास्त वेळ लावत नाही आता. त्रास थांबलाय. रक्त वाढतंय. गेल्या आठवड्यात शाळेच्या फ्रॉकची दुमडलेली कड उसवून खाली करावी लागली.

तिला एक ओळ लिही. 'तू केलंस ते बरोबर केलंस.' तुला ते खरं वाटत नसेल तरी लिही. पिशवीवर छापताना तुला खऱ्याची एवढी अडचण आली नव्हती. मी ते तिला शंभरदा सांगितलं, पण आईचं कौतुक घरच्या नळाच्या पाण्यासारखं असतं, त्याची तहान कोणाला लागते? ती त्या लहान मुलीबद्दल विचारते, तिने खाल्ला नाही ना गं, नक्की ना. मी सांगते, नाही खाल्ला, तू वाचवलंस. तिला बरं वाटतं. पण रात्री अंथरुणात म्हणते, "मी हळू आवाजात सांगायला हवं होतं का? बाबाच्या कानात?"

याचं उत्तर तुझ्याकडे आहे. माझ्याकडे नाही.

भूक चांगली लागते तिला. ताट वाढलं की धावत येते. फक्त पहिला घास तोंडाशी नेऊन क्षणभर थांबते आणि माझ्याकडे बघते, माझा चेहरा कसा झालाय ते. आधी मला वाटलं, मीठ कमी पडलं असेल. मग कळलं. आता ती जेवायला बसली की मी मान खाली घालून माझ्या ताटात बघत राहते. तिने निदान या घरात तरी कोणाचं तोंड न बघता खावं.